धातू, डीएनए आणि तलासरीचा रुग्ण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातल्या मुलांना विज्ञान शिकवण्यात आयुष्य घातलं. आज समोर रसायनशास्त्राचे विद्यार्थी बसले आहेत, त्यांचे शिक्षक आहेत, आरोग्य खात्यातल्या भगिनी आहेत आणि ज्यांनी घरात कर्करोगाचं आजारपण काढलं आहे अशीही माणसं आहेत. या सगळ्यांना एकाच वेळी लागू पडेल असा विषय मला एकच सुचला: डीएनएला धरणारी, आणि म्हणून कर्करोगावर चालू शकणारी धातूंची संयुगं.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन रसायनशास्त्राचे प्रबंध चाळा. शिफ बेस वर्गातला एखादा लिगंड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, तयार करायचा, त्यात तांबं, कोबाल्ट, निकेल, जस्त बसवायचं, स्फटिक मिळाला तर त्याची रचना काढायची आणि शेवटच्या प्रकरणात ते संयुग डीएनएला कसं चिकटतं ते दाखवायचं. समारोपातलं वाक्य ठरलेलं असतं, की हे संयुग कर्करोगावरचं संभाव्य औषध आहे. असे प्रबंध मी वर्षानुवर्षं तपासत आलो आहे. त्यातली मेहनत खरी असते, आकडे खरे असतात. पण त्या शेवटच्या वाक्यामागे काय काय लागतं, याचा विचार प्रबंधात क्वचित दिसतो. डीएनएला संयुग चिकटलं, एवढ्यानं ते औषध होत नाही. औषध व्हायचं तर त्याला तलासरीच्या रुग्णापर्यंत यावं लागतं, आणि तो रस्ता संयुगाकडून काय काय मागतो हे प्रयोगशाळेला पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवं. आज मला एवढंच सांगायचं आहे. ते नीट सांगायचं तर ज्या एका संयुगानं हा सगळा रस्ता पार केला, त्याच्यापासून सुरुवात केली पाहिजे.

त्याचं नाव सिस्प्लॅटिन. मध्यभागी प्लॅटिनमचा एक अणू, त्याला दोन क्लोरीन आणि दोन अमोनिया. एवढंच. कार्बनचा एकही अणू त्यात नाही. बारावीचा विद्यार्थी ते वहीत काढू शकतो. इटलीच्या मिकेले पेरोने यांनी 1844 साली ते पहिल्यांदा तयार केलं, तेव्हा कर्करोग कुणाच्या मनातही नव्हता. आल्फ्रेड वेर्नर यांनी 1893 साली धातुसंयुगांच्या रचनेचा सिद्धांत मांडला, तेव्हा याच पिवळ्या भुकटीची रचना हा त्यांच्या हातातला एक पुरावा होता. चारही जोड एकाच प्रतलात आहेत, म्हणून दोन क्लोरीन शेजारी शेजारी बसू शकतात किंवा समोरासमोर. शेजारी बसले की सिस्, समोरासमोर बसले की ट्रान्स. सूत्र तेच, वजन तेच. पुढे या फरकावर लाखो लोकांचा जीव अवलंबून राहणार होता.

त्यानंतर सत्तरएक वर्षं ते संयुग पाठ्यपुस्तकातच राहिलं. 1960 च्या दशकात अमेरिकेच्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग यांना वेगळाच प्रश्न पडला होता. पेशी विभागताना तिच्या आत तंतूंचा जो आकार दिसतो, तो चुंबकाभोवतीच्या बलरेषांसारखा दिसतो. मग विद्युत क्षेत्राचा पेशीविभाजनावर काही परिणाम होतो का? त्यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या द्रवात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवून प्रवाह सोडला. प्लॅटिनम सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही, म्हणून तोच धातू घेतला होता. जिवाणूंचं विभाजन थांबलं, वाढ मात्र थांबली नाही. नेहमीच्या लांबीच्या 300 पटींपर्यंत ते लांबलचक दोऱ्यासारखे झाले. यात विद्युत क्षेत्राचा हात नव्हता. इलेक्ट्रोडमधून किंचित प्लॅटिनम सुटत होतं आणि द्रवातल्या अमोनियम क्लोराइडशी मिळून संयुगं बनत होती. लोरेटा व्हॅन कॅम्प आणि थॉमस क्रिगास या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 1965 साली हे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं, आणि 1969 साली याच संयुगांनी उंदरांमधल्या गाठी विरतात हे दाखवलं. अमेरिकेत सिस्प्लॅटिनला औषध म्हणून मान्यता मिळाली ती डिसेंबर 1978 मध्ये. वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगातून सिस्प्लॅटिनच्या आधी दहातला एखादाच तरुण वाचत असे. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी इंडियानात सिस्प्लॅटिनसह उपचार सुरू केले आणि दहातले आठ वाचू लागले.

आता ते डीएनएला धरतं कसं? रक्तात क्लोराइड भरपूर असतं, लिटरमागे सुमारे 100 मिलिमोल. त्यामुळे प्लॅटिनमवरचे क्लोरीन जागेवर टिकून राहतात. पेशीच्या आत क्लोराइडचं प्रमाण त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी असतं. तिथे क्लोरीन सुटतो, त्याच्या जागी पाण्याचा रेणू येतो आणि प्लॅटिनमला धनभार येतो. पाणी सहज हटतं, आणि त्या मोकळ्या हातानं प्लॅटिनम डीएनएतल्या ग्वानीनचा सात क्रमांकाचा नायट्रोजन पकडतं. दुसरा क्लोरीनही असाच सुटतो आणि प्लॅटिनम शेजारच्याच दुसऱ्या ग्वानीनला धरतं. डीएनएच्या दोन पदरांपैकी एकाच पदरावरच्या लागून असलेल्या दोन घटकांत असा पूल तयार होतो, आणि साखळी तिथे वाकते. डहाणू खाडीवर बोट ओढणाऱ्यांना हे लगेच समजेल: दोन पिळांच्या दोरात एकाच पिळाचे शेजारचे दोन वेढे तारेनं करकचून आवळले तर दोर तिथे मुरडतो आणि कप्पीतून पुढे सरकत नाही. डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा त्या मुरडीशी येऊन अडते. दुरुस्ती करणारी प्रथिनं धावतात. दुरुस्ती जमली नाही तर पेशी स्वतःला संपवते. ट्रान्स रूपातल्या संयुगाचे हात विरुद्ध दिशांना असल्यामुळे शेजारचे दोन ग्वानीन त्याला असे धरता येत नाहीत, आणि ते औषध म्हणून निकामी ठरलं. हा मुरडलेला डीएनए स्फटिकात कसा दिसतो, हे स्टीफन लिपर्ड यांच्या गटानं 1995 साली दाखवून दिलं.

क्लोराइडचं हे रसायन वॉर्डातही रोज वापरात असतं. सिस्प्लॅटिनची बाटली सलाइनमध्येच लावतात, कारण सलाइनमधलं क्लोराइड त्या रेणूला वाटेत फुटू देत नाही. नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यात ते देत नाहीत. ज्या सुईत किंवा सेटमध्ये अॅल्युमिनियमचा भाग आहे ती सुई वापरत नाहीत. अॅल्युमिनियम प्लॅटिनमला त्याच्या संयुगातून बाहेर काढतं आणि काळा साका खाली बसतो. तयार द्रावण फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, कारण थंडीत ते खाली बसतं. किमो देणाऱ्या सिस्टर हे सगळं नेमानं पाळतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, वेर्नर समजून घ्यायचा असेल तर एक दिवस किमोच्या वॉर्डात जाऊन बसा.

यशाची गोष्ट सांगितली, आता जी संयुगं वाटेत गळली त्यांची सांगतो. प्लॅटिनमची पुढे असंख्य संयुगं झाली. जगभर सर्वत्र वापरली जाणारी त्यांपैकी तीनच: सिस्प्लॅटिन, मूत्रपिंडाला त्यापेक्षा सौम्य असणारं कार्बोप्लॅटिन, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचं ऑक्झॅलिप्लॅटिन, ज्याचा जन्म जपानमधल्या नागोयाचा. टायटॅनियमची दोन संयुगं, ब्युडोटायटेन आणि टायटॅनोसीन डायक्लोराइड, माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचली आणि तिथेच थांबली. पाण्यात ती टिकतच नाहीत, आणि रक्त तर बहुतांशी पाणीच आहे. रुथेनियमच्या नामी-ए या संयुगाकडून मोठ्या आशा होत्या. प्लॅटिनमसारखं तेही डीएनएवर काम करेल असं सुरुवातीला वाटलं होतं. त्याचा खरा परिणाम वेगळीकडेच निघाला आणि माणसांवरच्या चाचण्यांत ते मागे पडलं. ही संयुगं नामवंत प्रयोगशाळांतली होती, हेही लक्षात ठेवा.

आता आपल्याकडच्या प्रयोगशाळेकडे येऊ, कारण समोरच्या मुलांपैकी काहींच्या हातात पुढच्या वर्षी हेच काम असेल.

टेबलावर एका बाटलीत पांढऱ्या कापसासारखे तंतू असतात. वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला हा डीएनए विकत मिळतो. तो ट्रिस बफरमध्ये रात्रभर विरघळू द्यायचा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 260 आणि 280 नॅनोमीटरला शोषण मोजायचं. पहिल्याला दुसऱ्यानं भागून 1.8 ते 1.9 आलं की त्यात प्रथिनांची भेसळ नाही असं समजायचं. मग क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये आपल्या संयुगाचं द्रावण घ्यायचं, त्यात डीएनए थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि प्रत्येक वेळी शोषणाची रेषा किती खाली येते ते पाहायचं. रेषा खाली आली आणि थोडी उजवीकडे सरकली, की संयुग डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरलं असं म्हणतात. त्यावरून बंधस्थिरांक, म्हणजे पकड किती घट्ट आहे याचा आकडा, काढतात. दुपारभरात काम होतं.

हा प्रयोग वाईट नाही. पण त्यातून काय कळत नाही, ते बघा. या दुपारभराच्या प्रयोगात सिस्प्लॅटिन टाकलं तर ते फारसं चमकणार नाही. त्याचा पहिला क्लोरीन सुटायलाच शरीराच्या तापमानाला निम्मं काम होण्यासाठी सुमारे दोन तास लागतात, आणि डीएनएशी त्याचा जो बंध होतो तो सहज उलटणारा नसतो. म्हणजे डीएनएला धरणारं जगातलं सगळ्यात यशस्वी धातुसंयुग आपल्या नेहमीच्या कसोटीत मागच्या बाकावर बसेल. शिवाय क्युव्हेटमधला डीएनए उघडा असतो. पेशीत तोच डीएनए हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला, केंद्रकाच्या पडद्याआड असतो. तिथे पोहोचायच्या आधी संयुगाला रक्तातल्या अल्ब्युमिनला चुकवावं लागतं, आणि पेशीत शिरल्यावर ग्लुटाथिऑनला, जे धातूवर झडप घालायलाच बसलेलं असतं. सिस्प्लॅटिनचंसुद्धा पेशीत शिरलेल्यापैकी जेमतेम एक टक्का प्लॅटिनम केंद्रकातल्या डीएनएपर्यंत पोहोचतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आपली संयुगं बहुधा पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून ती डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये, म्हणजे डीएमएसओमध्ये विरघळवतात. मग पेशींवरच्या चाचणीत तुलनेसाठी सिस्प्लॅटिन घेतात आणि सोयीसाठी तेही डीएमएसओमध्येच विरघळवतात. डीएमएसओमधला गंधक प्लॅटिनमला पकडतो, क्लोरीन हटवतो, आणि सिस्प्लॅटिनचा जोर तिथेच ओसरतो. मग तक्त्यात आपलं तांब्याचं संयुग सिस्प्लॅटिनपेक्षा सरस दिसतं. हे दुखणं शोधनिबंधांत जगभर आहे आणि त्यावर इशारेही छापून आलेले आहेत. तांब्याच्या संयुगाबरोबर नुसत्या तांब्याचा क्षार पेशींवर घालून पाहिला का, हा प्रश्नही तितकाच आवश्यक आहे. मोकळं तांबं स्वतःच पेशींना विषारी असतं. कदाचित लिगंडनं काही केलेलंच नसेल.

या चाचण्यांत पुष्कळदा हेला पेशी वापरतात. 1951 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, त्या घेतल्या होत्या. त्याच वर्षी ती गेली, पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. आपण तक्त्यात 'हेला' लिहितो तेव्हा तो आजार आपल्या आसपासच्या बायकांचाही आहे, हे विसरून चालत नाही.

म्हणून आता तलासरीच्या बाईकडे येतो. मी कुणा एकीचं बोलत नाही. या भागात काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरांना ती ओळखीची आहे. अंगावरून जातंय म्हणून तिनं पहिले काही महिने कुणाला सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर घरातले वीटभट्टीवर जातात, तीही गेली. परत आली तेव्हा कंबर आणि पाय दुखत होते. ग्रामीण रुग्णालयातून डहाणू, तिथून मुंबई. परळला टाटा स्मारक रुग्णालयात तपासणी होते आणि कागदावर लिहिलं जातं: गर्भाशयमुखाचा कर्करोग, तिसरी अवस्था, ब.

या अवस्थेवरचा प्रमाण उपचार म्हणजे किरणोपचार आणि त्याच्या जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिन, शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला 40 मिलिग्रॅम. इथे प्लॅटिनमचं मुख्य काम किरणांना साथ देणं हे असतं. किरणांनी डीएनए तुटतो आणि प्लॅटिनम त्याची दुरुस्ती होऊ देत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं 1999 साली पाच चाचण्यांच्या आधारे हा उपचार सुचवला. पण त्यातल्या स्त्रिया बहुतेक लवकर आलेल्या आणि बऱ्यापैकी धडधाकट होत्या. उशिरा आलेल्या, रक्त कमी असलेल्या आपल्याकडच्या बाईला हे लागू होतं का? टाटा रुग्णालयानं हा प्रश्न गृहीत धरला नाही, तो तपासला. तिसऱ्या-ब अवस्थेतल्या 850 स्त्रियांची चाचणी झाली आणि निकाल 2018 साली छापून आला. नुसत्या किरणोपचारानं पाच वर्षांनी 46 टक्के स्त्रिया हयात होत्या, सिस्प्लॅटिन जोडल्यावर 54 टक्के. शंभरात आठ. ज्या घरात आई त्या आठांपैकी असते, त्या घराला विचारा हा आकडा केवढा आहे.

आणि याच ठिकाणी रसायन परत आडवं येतं. तिसऱ्या-ब अवस्थेचं एक लक्षण म्हणजे वाढलेली गाठ मूत्रवाहिनीवर दाबते आणि मूत्रपिंडाला सूज येते. सिस्प्लॅटिनचा सगळ्यात मोठा दोष मूत्रपिंड बिघडवणं हाच आहे. तिथल्या नलिकांच्या पेशी औषध ओढून घेतात. म्हणजे जिला या औषधाची गरज आहे, तिच्याच मूत्रपिंडांना ते झेपत नाही. मूत्रवाहिनीत नळी बसवून किंवा पाठीतून नळी काढून आधी लघवी मोकळी करावी लागते, क्रिएटिनिन खाली यावं लागतं, मगच बाटली लावता येते. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि तो आजारही मूत्रपिंडाला सोडत नाही. औषध देण्याआधी आणि नंतर भरपूर सलाइन चढवतात, पोटॅशियम-मॅग्नेशियम देतात, लघवी किती झाली ते पाहतात. घरी गेल्यावर पाणी भरपूर प्या, असं सांगतात; उन्हाळ्यात पाड्यावर पाणी डोक्यावरून आणायचं असतं, तेव्हा ही सूचना कशी पाळायची हे कुणी सांगत नाही. या औषधानं ऐकू येणंही कमी होतं, आधी बारीक, उंच आवाज जातात. बोटं बधिर होतात. प्लॅटिनम शरीर सहज सोडत नाही. उपचारानंतर वीस वर्षांनीही रक्तात त्याचा माग लागलेला आहे.

आणि हे सगळं कुठे राहून करायचं? किरणोपचार पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. त्यानंतर आतून द्यायचे किरण. 2013 पासून डहाणूची लोकल चर्चगेटपर्यंत जाते, ही मोठी सोय झाली. पण तलासरीच्या आतल्या पाड्यावरून डहाणू रोड गाठायचं, दादरला उतरायचं, परळला जायचं आणि उलट्या होत असताना त्याच दिवशी परतायचं, हे रोज होण्यासारखं नाही. दादरला संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहे, परळला आणखी काही सोयी आहेत. जागा मिळाली तर. सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी बुडते. लावणीच्या दिवसांत उपचार निघाला तर घरात दोन माणसांचे हात कमी. उपचार अर्धवट सुटतात ते औषध कुचकामी असल्यामुळे सुटतात असं नाही.

म्हणूनच टाटा रुग्णालयात गेल्या काही वर्षांत झालेल्या चाचण्या मला नव्या संयुगांच्या शोधाइतक्याच मोलाच्या वाटतात. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात सिस्प्लॅटिन दर तीन आठवड्यांनी 100 मिलिग्रॅम द्यायचं की दर आठवड्याला 30? दुसरी पद्धत सोसायला सोपी, म्हणून देशभर तीच चालत होती. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी 300 रुग्णांवर तुलना केली. दोन वर्षांनी आजार जागच्या जागी आटोक्यात राहिला तो तीन आठवड्यांच्या पद्धतीत 73.1 टक्के रुग्णांमध्ये, दर आठवड्याच्या पद्धतीत 58.5 टक्के. त्रास मात्र मोठ्या मात्रेत जास्त. पुढे जपानमध्ये आठवड्याला 40 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा ती पद्धत शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत कमी पडली नाही. दहा मिलिग्रॅमचा फरक! तो शोधायला माणसांवर, वर्षानुवर्षं, प्रामाणिकपणे मोजावं लागतं. ज्यांना सिस्प्लॅटिन देताच येत नाही अशा डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी किरणांबरोबर डोसिटॅक्सेल चालतं, हेही विजय पाटील यांच्यासह याच रुग्णालयातल्या गटानं 2023 साली दाखवलं. उलट्यांवरचं ओलांझापिन 10 मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम दिलं तरी तेवढंच चालतं आणि दिवसाची गुंगी कमी होते, हेही तिथलंच, 2024 मधलं काम. ज्या बाईला दादरच्या पुलावरून चालत जायचं आहे, तिच्यासाठी ती गुंगी ही बारीकसारीक गोष्ट नव्हे.

नव्या संयुगांचं काम थांबवा, असं मी म्हणतो आहे असं कुणी समजू नये. प्लॅटिनमला गाठी सरावतात, त्याचे त्रास भयंकर आहेत, आणि दुसऱ्या धातूंकडे आपापली रसायनं आहेत. तांबं, लोह, रुथेनियम इलेक्ट्रॉन देतात-घेतात. प्लॅटिनम हे तितक्या सहज करत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अखिल चक्रवर्ती यांच्या गटानं प्रकाश पडल्यावरच डीएनए तोडणारी धातुसंयुगं केली. अंधारात शांत, उजेडात घातक. पुण्याचे सुभाष पाध्ये यांनी जॉर्ज कॉफमन यांच्याबरोबर थायोसेमिकार्बाझोनच्या धातुसंयुगांवर 1985 साली लिहिलेला आढावा आजही या क्षेत्रात आधाराला घेतात. पाध्ये यांनी पुढे हळदीतलं कुर्क्युमिन, चित्रकातलं प्लंबॅजिन अशा आपल्याच वनस्पतींतल्या रेणूंना लिगंड म्हणून हाताळलं. चित्रक तलासरीच्या जाणत्या माणसांना दाखवावा लागत नाही. टाटा स्मारकाच्या इंद्रनील मित्रा यांनी तर वेगळीच दिशा घेतली. मरणाऱ्या पेशींतून क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए आणि प्रथिनांचे कण बाहेर पडतात आणि निरोगी पेशींना इजा करतात, असं त्यांचं म्हणणं. द्राक्षांतलं रेझव्हेरट्रॉल आणि अत्यल्प तांबं एकत्र दिलं की ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात आणि ते हे कण मोडतात. इथेही धातू आहे आणि न्यूक्लिक आम्लच लक्ष्य आहे, पण लक्ष्य पेशीच्या बाहेरचं. छोट्या अभ्यासांतले निकाल उत्साह वाढवणारे आहेत. मोठ्या चाचण्यांनी ते उचलून धरल्याशिवाय रुग्णानं आपला उपचार सोडून गोळ्या घेऊ नयेत. वर्तमानपत्रातली बातमी वाचून तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यावर विसंबणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

तर डहाणू-तलासरीत बसून काय करता येईल? तलासरीच्या ज्या महाविद्यालयाला कॉम्रेड गोदावरी परुळेकरांचं नाव आहे, तिथे विज्ञान शिकवलं जातं. 1945 साली झरीच्या सभेत वारल्यांनी वेठीला नकार दिला, तो याच तालुक्यात. श्रम कुणाचे आणि फळ कुणाला, हा प्रश्न या मातीत नवा नाही, आणि तो विज्ञानालाही विचारता येतो. डहाणूत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, मुंबईच्या प्रजनन आणि बालस्वास्थ्य संशोधन संस्थेशी जोडलेलं. रसायनशास्त्राच्या मुलांनी आणि त्या केंद्रानं मिळून एक साधी माहिती काढावी: या दोन तालुक्यांतून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या उपचाराला गेलेल्या बायकांपैकी किती जणींना मूत्रपिंडामुळे प्लॅटिनम देता आलं नाही, किती जणींच्या पाचही मात्रा पूर्ण झाल्या, आणि ज्यांच्या झाल्या नाहीत त्यांच्या का. हे कळलं की पुढचं संयुग कसं असावं, हेही थोडं कळेल. मूत्रपिंडाला सौम्य हवं की तोंडावाटे घेता येणारं? भरपूर पाण्याची अट नसलेलं? संयुगाचा आराखडा रुग्णाकडून मागे यावा, लिगंडच्या बाटलीपासून पुढे नव्हे.

आणि ज्यांचे प्रयोग या वर्षी चालू आहेत त्यांना: आपलं संयुग नुसत्या पाण्यात, सलाइनमध्ये आणि पेशी वाढवायच्या माध्यमात चोवीस तास ठेवून त्याचा वर्णपट पुन्हा घ्या. ते तसंच राहिलं का, ते पाहा. अल्ब्युमिन घाला, ग्लुटाथिऑन घाला. सिस्प्लॅटिन सलाइनमध्ये विरघळवा, डीएमएसओमध्ये नाही. धातूचा साधा क्षार आणि नुसता लिगंड शेजारी ठेवून मोजा. निरोगी पेशींवर, शक्यतो मूत्रपिंडाच्या पेशींवरही चालवा. यात बरीच संयुगं गळतील. प्रबंधात तेही लिहा. गळलेल्यांची नोंद पुढच्या मुलाचं वर्ष वाचवते.

शेवटी एक निकाल सांगतो. डोक्या-मानेचा कर्करोग जेव्हा बरा होण्यापलीकडे जातो, तेव्हा आयुष्य थोडं वाढावं म्हणून सिस्प्लॅटिन शिरेतून देत. टाटा रुग्णालयातच 422 रुग्णांवर त्याची तुलना घरी घ्यायच्या दोन स्वस्त गोळ्यांशी झाली, मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. 2020 साली निकाल आला. गोळ्यांवरच्या रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक साडेसात महिने निघाला, सिस्प्लॅटिनवरच्यांचा 6.1 महिने, आणि गोळ्यांचा त्रासही कमी होता. आयुष्यभर धातुसंयुगं शिकवलेल्या माणसाला हा निकाल सांगताना आनंद होतो, कारण त्यामुळे तलासरीच्या एखाद्या माणसाला उरलेले महिने बाटलीला जोडून घेऊन परळला काढावे लागत नाहीत. पुढचं धातुसंयुग कुणी करेल तेव्हा त्याची स्पर्धा प्लॅटिनमशी तर असेलच, या गोळ्यांशीही असेल. आणि तुमच्यापैकी कुणी ते करणार असेल तर आत्ताच सांगा, व्याख्यान संपल्यावर मी इथेच थांबणार आहे.